जुन्या इमारतीतलं ॲस्बेस्टॉस ओळखायला देखभालीच्या कर्मचाऱ्यांना कसं शिकवावं?

तुमच्या इमारती चाळीस-पन्नास वर्षं जुन्या आहेत, हाताखाली प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार आहेत आणि त्यांना ॲस्बेस्टॉस ओळखता यावं असं तुम्हाला वाटतं. मी हेच काम करतो, म्हणून आधीच सांगतो: नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाही. मलाही येत नाही. ॲस्बेस्टॉस म्हणजे खनिजाचे बारीक तंतू, श्वासातून आत गेले की घातक. ते सिमेंटमध्ये, बोर्डात, गोंदात मिसळलेले असतात आणि खात्री होते ती प्रयोगशाळेत, सूक्ष्मदर्शकाखाली. पांढरं, तपकिरी, निळं अशी नावं असली तरी रंगाच्या भरवशावर राहू नका. वरून रंगाचे चार हात बसले की निळं कसलं आणि पांढरं कसलं!

तेव्हा शिकवायचं ते संशय घ्यायला. वस्तू कुठे असू शकते हे माहीत हवं, आणि तिथे ड्रिल लावण्याआधी हात थांबायला हवा. अहवाल येईपर्यंत ते ॲस्बेस्टॉसच आहे असं धरून चालायचं.

सिमेंटचा पन्हाळी पत्रा सगळ्यांना माहीत असतो, त्यामुळे सगळं लक्ष छपराकडे जातं. पत्र्यात तंतू साधारण १० ते १५ टक्के आणि तेही सिमेंटने घट्ट धरलेले. खरा धोका आतल्या मऊ मालात असतो: बॉयलरच्या आणि गरम पाण्याच्या पाइपांवरचं लॅगिंग (उष्णता धरून ठेवणारं आवरण), लोखंडी तुळयांवर फवारलेला थर, आणि आगीपासून बचावासाठी दारांत, छतात, पाइपांच्या खोक्यांना लावलेला इन्सुलेशन बोर्ड. हा बोर्ड सर्वांत फसवा. दिसतो अगदी साध्या जिप्सम बोर्डासारखा, पण त्यात तंतू पत्र्यापेक्षा बरेच जास्त असतात आणि स्क्रू काढतानाही धूळ उडते. शिवाय जुन्या विनाइल फरश्या, त्यांच्याखालचा काळा डांबरी गोंद, फ्यूजच्या पेटीतलं अस्तर, बॉयलरच्या दाराची दोरी, पाइपांच्या जोडातली गॅस्केट.

हे वर्गात स्लाइड दाखवून डोक्यात बसत नाही. चार-पाच जणांना घेऊन बॉयलर रूममध्ये जा, इमारतीत ॲस्बेस्टॉस कुठे आहे किंवा असू शकतं याची नोंदवही हातात ठेवा आणि प्रत्येक जागा लांबून दाखवा. नोंदवहीत जागा, फोटो, माल कशा स्थितीत आहे आणि शेवटची पाहणी कधी झाली एवढं हवंच. ती साहेबांच्या कपाटात असेल तर काही उपयोग नाही. कामाच्या चिठ्ठीवरच ‘नोंदवही पाहिली का?’ असा रकाना ठेवा. आणि साधी पाहणी भिंतीच्या आत बघत नाही. तोडफोड किंवा नूतनीकरण असेल तर त्या भागाची वेगळी, उघडून केलेली तपासणी लागते.

‘मग सगळं काढूनच टाकू’ असं कुणीतरी म्हणेलच. चांगल्या स्थितीतला, कुणाचा हात न लागणारा माल बहुतेक वेळा जागेवर ठेवून लक्ष ठेवणंच बरं. काढताना जितकी धूळ होते तितकी तो पडून असताना होत नाही. काढायची वेळ आलीच तर ते परवानाधारकांचं काम. जागरूकतेचं प्रशिक्षण घेतलेला तुमचा सुतार ते करायला पात्र होत नाही, हे त्यालाही स्पष्ट सांगा.

चुकून काही फुटलंच तर: काम बंद, माणसं बाहेर, पंखा-एसी बंद, दार बंद, मग फोन. झाडू मारायचा नाही. साधा व्हॅक्यूमही नाही, तो बारीक तंतू मागच्या बाजूने पुन्हा हवेत सोडतो. कपडे झटकायचे नाहीत आणि घरी न्यायचे नाहीत. कामगारांचे कपडे धुणाऱ्या घरच्या बायकांना मेसोथेलिओमा (फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कॅन्सर) झाल्याच्या नोंदी आहेत. कापडी किंवा सर्जिकल मास्कने हे तंतू अडत नाहीत.

तरुण पोरं हे मनावर घेत नाहीत, कारण शिंकही येत नाही. आजार बहुधा २० ते ५० वर्षांनी दिसतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला मात्र वेगळं बसवून सांगा: दोन्ही एकत्र आले की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका कैक पटीने वाढतो.

दर वर्षी उजळणी घ्या, आणि कंत्राटदाराच्या माणसांना पहिल्याच दिवशी, अवजारं उघडण्याआधी नोंदवही दाखवा. संशयावरून कुणी काम थांबवलं आणि अहवालात काहीच निघालं नाही, तर गेलेल्या वेळेवरून त्याला बोलू नका. एकदा बोललात की पुढच्या वेळी तो गुपचूप भोक पाडून मोकळा होईल.