रंगपेटी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : निवृत्तीनंतर तैलरंग शिकते आहे. पावसाळ्यातलं इंदूरजवळच्या चोरलचं जंगल रंगवायला घेतलं, पण मागची झाडं धुक्यात विरत नाहीत, कापून चिकटवल्यासारखी दिसतात. वरून पांढरा पातळ करून फिरवला, तर सगळं खडू फासल्यासारखं झालं. काय करू? (एक वाचक, सुदामानगर, इंदूर)

उत्तर : ताई, पांढरा आधी बाजूला ठेवा. धुकं शेवटी वरून फासायचं नसतं, ते झाडांच्या रंगातच मिसळलेलं असावं लागतं. बसल्याबसल्या अल्ट्रामरीन (गडद निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि टायटॅनियम व्हाइट (पांढरा) रंगाच्या सुरीने, म्हणजे नाइफने, घोटून राखाडीचा चांगला मोठा गोळा करा. नुसता टायटॅनियम थंड पडतो, म्हणून चिमूटभर यलो ऑकर (मातकट पिवळा) घाला. हा झाला त्या सकाळच्या हवेचा रंग. सगळ्यात मागची रांग जवळपास याच गोळ्याची, जेमतेम एक छटा गडद. पुढच्या रांगेत गोळा कमी, झाडाचा रंग जास्त. खरा काळोख फक्त पुढच्या एकदोन खोडांना द्या. माझ्याकडे येणारे बहुतेक जण मागच्या झाडांनाही तोच काळोख देतात आणि मग धुकं कुठे गेलं म्हणून विचारतात!

आता कडा. दरीत धुकं खाली दाट असतं, त्यामुळे खोड बुंध्याशी आधी विरतं आणि शेंडा त्यामानाने स्पष्ट राहतो. रंग ओला असतानाच कोरडा, स्वच्छ ब्रश बुंध्यावरून आडवा, अगदी हलक्या हाताने ओढा. प्रत्येक वेळी ब्रश चिंधीला पुसा, नाहीतर चिखल होतो. पानांतून दिसणारं आकाश मोकळ्या आकाशापेक्षा किंचित गडद धरा; तिथे शुद्ध आकाशी ठेवलात की झाडाला भोकं पाडल्यासारखं दिसतं.

जागेवर जाऊन बघाच. सूर्य समोर असेल तर धुकं उजळतं, पाठीशी असेल तर तेच सपाट दिसतं. चित्रकार देवळालीकरांनी 1927 साली आपल्याच गावात, इंदुरात, चित्रशाळा काढली, बेंद्रे आणि डी. जे. जोशी यांच्यासारखे चित्रकार तिथे शिकले. आणि आपण मोबाइलवरचे व्हिडिओ बघून जन्मात न पाहिलेली बर्चची झाडं रंगवतो. आपल्याकडे सागवान आहे, पळस आहे. त्यांची वळणं तरी हाताला लागू द्या.

प्रश्न : ट्यूबमधला हिरवा भडक वाटतो. आणि पावसाळ्यात रंग वाळतच नाही.

उत्तर : हिरवी ट्यूब घेऊच नका. आयव्हरी ब्लॅकमध्ये पिवळा मिसळा, जंगलाला शोभेल असा मळका हिरवा मिळतो. एप्रिलमधल्या सागाला तर हिरवा फारसा लागतही नाही, पानं गळालेली असतात. वाळण्याचं म्हणाल, तर पहिला थर टर्पेंटाइनने पातळ केलेल्या बर्न्ट अंबरचा (गडद तपकिरी) द्या, तो लवकर वाळतो. जवसाचं तेल वरच्या थरांना, आणि दर थराला आधीच्यापेक्षा थोडं जास्त. उलट केलंत तर वरचा थर तडकतो. वॉर्निशची घाई नको, सहा महिने तरी थांबा. टर्पेंटाइन वापरताना खिडकी मात्र उघडी ठेवा, मग पावसाचे शिंतोडे आत आले तरी चालतील, कॅनव्हास तेवढा लांब सरकवा.