नीट (मेडिकल प्रवेशाची परीक्षा) रिपीट करतोयस? मग आधी हे वाच

अरे मार्क कमी आले म्हणून लगेच नवीन क्लासची फी भरायला पळू नकोस, आधी ओएमआरची (गोल भरलेल्या उत्तरपत्रिकेची) कॉपी आणि आन्सर की घेऊन बस आणि बघ की मार्क गेले कुठे. ७२० पैकी ३६० एकट्या बायोचे, ते एनसीईआरटीची पाठ्यपुस्तकं ओळ न ओळ वाचली असतील तर बऱ्यापैकी हातात येतात. बहुतेक रिपीटर अडकतात ते फिजिक्समध्ये आणि निगेटिव्हमध्ये (चुकीच्या उत्तराला एक मार्क वजा). हिशोब कर ना, ३० चुकले की ३० वजा झाले आणि ते बरोबर आले असते तर मिळाले असते ते १२० पण गेले, म्हणजे तुक्के मारायची सवय आधी मोडायची.

मॉक टेस्ट (सराव परीक्षा) दे पण दुपारी दोनलाच बस, खरा पेपर तेव्हाच असतो, आणि १८० मिनिटांत १८० प्रश्न, मग दुसऱ्या दिवशी फक्त चुकलेलेच सोडव (हे कंटाळवाणं आहे म्हणून कोणी करत नाही). नवीन पुस्तकं नकोत, जुनीच परत.

आणि घरी आत्ताच स्पष्ट बोलून ठेव, बीएएमएस (आयुर्वेदाची डिग्री) चालणार की नाही, त्यालाही नीटच लागते.