आईचं विसरणं वयामुळे की अल्झायमर, कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की आई ६८ची आहे, चष्मा कुठे ठेवला ते विसरते, मग हा अल्झायमर तर नाही ना. नुसतं तेवढ्यावरून घाबरू नका, चष्मा किंवा कोणाचं नाव विसरून नंतर आठवणं या वयात होतंच. काळजीचं कधी, तर सकाळचं बोलणं पार पुसलं जातं, अर्ध्या तासात तोच प्रश्न चारदा येतो आणि आठवण करून दिली तरी आठवत नाही.

आमच्या आत्याचं सांगते, इथेच इंदूरला, सगळा जन्म राजवाड्याच्या आसपास गेला आणि एक दिवस खजुरी बाजारात उभी राहून दुकानदाराला स्वतःच्या घराचा रस्ता विचारत होती. त्याच्या वर्षभर आधीपासून पोह्यांत मीठ दोनदा पडायचं, दूधवाल्याचा हिशोब जमेना, शब्द सापडला नाही की "ते हे, ते हे" करायची, आणि इतकी बोलकी बाई हळदीकुंकवाला जायचं टाळायला लागली. आम्ही सगळं "वय झालं आता" म्हणून सोडून दिलं, ते चुकलंच, अजून मनाला लागतं.

न्यूरोलॉजिस्टला दाखवा, व्हिटॅमिन बी१२ आणि थायरॉइडची तपासणी होतेय ना ते बघा, कारण बी१२ कमी पडल्याने, थायरॉइडच्या त्रासाने किंवा डिप्रेशनने पण असं विसरायला होतं आणि ते उपचाराने सुधारू शकतं. अल्झायमर पूर्ण बरा करणारं औषध नाही पण डोनेपेझिलसारख्या गोळ्यांनी काहींना थोडा काळ फरक पडतो. आणि जाताना सहा महिन्यांत काय काय बदललं ते लिहून न्या, डॉक्टरसमोर आई सगळं ठीक असल्यासारखंच बोलेल.