बांधणीनंतर इंजिन बार काढतंय

प्रश्न : डाळिंबाच्या फवारणीच्या एचटीपी पंपावर १६३ सीसीचं चार-स्ट्रोक पेट्रोल इंजिन आहे. महिन्यापूर्वी रिंगा बदलल्या, व्हॉल्व्ह घासून घेतले. तेव्हापासून सुरू करताना दोरी हाताला उलटा हिसका देते. सुरू झालंच, तर दहा मिनिटांनी तापल्यावर कार्ब्युरेटरमधून फटफट आवाज येतो आणि एअर फिल्टर काळा पडतो. मिस्त्रींनी दोनदा कार्ब्युरेटर साफ केला, फरक नाही.
– एक बागायतदार, सांगोला

उत्तर : कार्ब्युरेटर आता राहू द्या. खोलायच्या आधी हा त्रास नव्हता, म्हणजे दोष खोलून बसवलेल्या भागांतच शोधायचा. तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि कारणंही बहुधा दोन निघतील.

आधी दोरीचा हिसका. ठिणगी वेळेच्या बरीच आधी पडली की पिस्टन वर पोचायच्या आत पेट्रोल भडकतं आणि पिस्टन मागे ढकलला जातो. ठिणगी कधी पडणार हे फ्लायव्हीलवरचं मॅग्नेट ठरवतं. फ्लायव्हील क्रँकवर नेमकं कुठे बसणार हे एक बोटाच्या पेराएवढी अर्धचंद्राकृती चावी ठरवते. फ्लायव्हील पुलरनेच काढा, हातोडीने नको. चावी उजेडात धरून बघा. कडेला अर्ध्या मिलिमीटरची पायरी जरी पडली असेल तरी ती फेकून नवी घाला. मात्र नुसती चावी बदलून भागत नाही, कारण फ्लायव्हील धरून ठेवतो तो क्रँकच्या शाफ्टचा टेपर, म्हणजे निमुळता भाग. टेपरला ऑइल लागलेलं राहिलं किंवा नट सैल राहिला की फ्लायव्हील सरकतं आणि चावी कापली जाते. दोन्ही बाजू पुसून कोरड्या करा आणि नट टॉर्क पान्ह्याने साधारण ७५ न्यूटन-मीटरला आवळा. पान्ह्याला पाइप लावून ‘बस झालं’ म्हणण्याला टॉर्क म्हणत नाहीत! ठिणगी देणारी कॉइल आणि फ्लायव्हील यांच्यातली फट ०.४ मिमी ठेवा.

आता तापल्यावरची फटफट. इथे संशय सरळ टॅपेटवर जातो, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यातल्या फटीवर. व्हॉल्व्ह घासला की तो सीटमध्ये थोडा खोल बसतो आणि त्याची दांडी तेवढीच रॉकरकडे वर सरकते. टॅपेट नव्याने सेट केलं नाही तर फट उरतच नाही. थंड असताना व्हॉल्व्ह कसाबसा मिटतो. तापून दांडी लांबली की इनलेट व्हॉल्व्ह केसभर उघडा राहतो आणि जाळ उलटा कार्ब्युरेटरमध्ये शिरतो. फिल्टर काळा पडतो तो त्यामुळेच.

सेटिंग इंजिन पूर्ण थंड असताना करा, सकाळी केलेलं बरं. इनलेट ०.१५ मिमी, एक्झॉस्ट ०.२० मिमी, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी). पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या अगदी टोकाला हवा; प्लगच्या भोकात प्लास्टिकचा स्ट्रॉ धरला की तो वर येताना कळतो. इथे पुष्कळ जण फसतात. दोरी हलकी ओढली जावी म्हणून कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) डिकॉम्प्रेशनचा, म्हणजे दाब कमी करणारा, छोटा उंचवटा असतो. पिस्टन टोकाच्या जरा अलीकडे असेल तर तो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलून धरतो आणि माप खोटं येतं. लॉकनट आवळल्यावर फट पुन्हा मोजा, कारण आवळताना ती हमखास बदलते.

एवढं करूनही फटफट राहिली तर चोक अर्धा ओढून चालवा. आवाज थांबला तर हवा जास्त मिळतेय : कार्ब्युरेटर आणि हेडमधली पॅकिंग बदला, मेन जेट तांब्याच्या तारेने साफ करा. पोलादी तारेने भोक मोठं होतं. त्यानंतरही फरक नसेल तरच क्रँककेस उघडून क्रँक आणि कॅमच्या गिअरवरचे ठिपके जुळतात का पाहा.

प्रश्न : इंजिन छान चालतं, पण बंद करताना सायलेन्सरमधून एकच मोठा बार होतो. – एक वाचक, बार्शी

उत्तर : भर वेगात स्विच बंद केला की थांबेपर्यंतच्या फेऱ्यांत न जळलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये जातं आणि तिथे पेटतं. रेस कमी करून मिनिटभर चालू द्या, मग स्विच बंद करा आणि लगेच पेट्रोलचा कॉकही. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात इथेनॉल काय ते सांगायला नकोच. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने ठेवलं तर ते पाणी धरतं. हंगाम संपला की टाकी आणि कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करून ठेवा.