डीलरने इंजिन बदललं, तरी गाडी अस्सल?

साठच्या दशकात जनरल मोटर्सचा एक अंतर्गत नियम होता: शेव्हरले कॅमेरो ही स्पोर्टी गाडी आणि मधल्या आकाराच्या गाड्या यांत 400 क्युबिक इंचांहून मोठं इंजिन बसवायचं नाही. 1970 च्या मॉडेलांपासून तो सुटला. तोवर पेन्सिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्गचे येंको, शिकागोचे निकी, न्यूयॉर्कजवळचे बाल्डविन-मोशन असे डीलर नव्याकोऱ्या गाडीत 427 क्युबिक इंचांचं इंजिन घालून ती विकत. या गाड्यांबद्दल आलेल्या प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न : 1968 ची कॅमेरो एसएस 396 (म्हणजे 396 क्युबिक इंचांच्या इंजिनाची) पाहिली. मालक म्हणतो येंकोने 427 बसवलेली आहे. पण इंजिनावरचा नंबर गाडीशी जुळत नाही. मग अस्सल कशी म्हणायची?

1968 मध्ये येंको 375 हॉर्सपॉवरच्या एल-78 इंजिनाच्या गाड्या घेत आणि त्यांचा 396 चा शॉर्ट ब्लॉक, म्हणजे हेड वगळून इंजिनाचा खालचा भाग, उतरवून 427 चा चढवत. हेड, अ‍ॅल्युमिनियमचा इनटेक, हॉली कार्ब्युरेटर तेच परत बसतात. नवा शॉर्ट ब्लॉक सुट्या भागांच्या काउंटरवरून आलेला असतो, त्यामुळे त्यावर या गाडीचा चासी नंबर पंच झालेला असण्याचं कारण नाही. जुळणारा नंबर दिसला तर उलट मी जास्त बारकाईने बघेन.

अशा गाडीत कागद इंजिनापेक्षा मोठा. डीलरचं मूळ बिल हवं, त्यावर चासी नंबर आणि 427 बसवल्याची नोंद हवी. वॉरंटी पुस्तिकेतली प्रोटेक्ट-ओ-प्लेट ही धातूची छोटी पट्टी मिळाली तर तिच्यावर 396 चाच कोड असेल. तो कारखान्यातल्या इंजिनाचा आहे आणि तो तसाच असायला हवा. पहिल्या मालकापासूनची मालकीची साखळी तुटलेली नको. चासी नंबरावरून काही सिद्ध होणार नाही, कारण शेव्हरलेच्या त्या काळच्या नंबरात सहा सिलिंडर की व्ही-8 एवढंच कळतं. फोर्डच्या नंबरात पाचवं अक्षर इंजिन सांगतं, इथे ती सोय नाही. बॅज, पट्टे, डीलरची पाटी आज नवीन विकत मिळतात. त्यांना पुरावा मानू नका.

प्रश्न : इंजिन खरंच 427 आहे की 396, हे न उघडता कळतं का?

बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. काही जण प्लगच्या भोकातून काडी घालून स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) मोजतात, पण दोन्हींचा स्ट्रोक 3.76 इंचच आहे. फरक बोअरचा (सिलिंडरच्या व्यासाचा): 396 चा 4.094 इंच, 427 चा 4.251. म्हणजे 0.157 इंच. रीबोरिंगमध्ये 0.030 किंवा 0.060 इंच वाढवतात, तेव्हा 396 चा ब्लॉक ‘बोअर मारून 427 केला’ ही गोष्ट ऐकून सोडून द्या.

खात्रीचा रस्ता म्हणजे ब्लॉकच्या मागे, गिअरबॉक्सकडच्या बेलहाउसिंगच्या कडेवर ड्रायव्हरच्या (अमेरिकी गाडीत डाव्या) बाजूला असलेला कास्टिंग नंबर, म्हणजे ब्लॉक ओततानाच उमटलेला नंबर. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन जा आणि शेवटचा आकडा दोनदा वाचा. 3916321 हा 427 चा, 3916323 हा 396 चा. 3935439 हा 427 चा, 3935440 हा 396 चा. तेलाच्या थरात 1 आणि 3 सहज चुकतात. मग कास्टिंगची तारीख बघा: महिन्याचं अक्षर, दिवस, वर्षाचा शेवटचा आकडा. ‘डी 12 8’ म्हणजे 12 एप्रिल 1968. डीलरचं बिल मार्चचं आणि ब्लॉक एप्रिलचा ओतलेला, तर हा त्या वेळी बसवलेला ब्लॉक नाही.

प्रश्न : 1969 च्या येंको कॅमेरोलाही हेच लागू का?

नाही. 1969 मध्ये कोपो 9561 या खास ऑर्डरवर ओहायोतल्या नॉरवुड कारखान्यातच 427 बसत होतं. त्या इंजिनाच्या पॅडवर (नंबर पंच करायच्या सपाट जागेवर) इंजिन बनवणाऱ्या टोनावांडा कारखान्याचा ‘टी’, चार आकडी तारीख आणि कोड हवा: मॅन्युअल गिअरला एमएन, ऑटोमॅटिकला एमओ. चासी नंबराचा भागही इंजिनावर हवा. या वर्षी तो काही वेळा ऑइल फिल्टरजवळच्या खडबडीत जागेवर सापडतो, पॅडवर नसला म्हणून लगेच घाबरू नका. ‘डीलरने बदललं होतं’ ही सबब मात्र इथे चालत नाही. ‘सीई’ने सुरू होणारा नंबर दिसला तर तो कंपनीने नंतर दिलेला बदली ब्लॉक. किंमत उतरते, पण खोटेपणा नाही, आणि बदलल्याची पावती असेल तर उतार कमी.

कोपो 9560 च्या झेडएल-1 गाड्या एकूण 69 च बनल्या. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा असल्याने चुंबक चिकटत नाही, पण तसे ब्लॉक नंतरही बनले आहेत, तेव्हा चुंबकावर थांबू नका.

प्रश्न : पॅडवरचा नंबर नव्याने पंच केल्याचा संशय आहे. कसं ओळखायचं?

पॅड म्हणजे उजव्या हेडच्या पुढची सपाट जागा. ब्रेक क्लीनर आणि नायलॉनचा ब्रश एवढंच वापरा. पॉलिश पेपर लावलात तर पुरावा तुम्हीच पुसाल. टॉर्च जवळजवळ आडवी धरली की कारखान्याच्या ब्रोचिंगच्या (मशीनने पृष्ठभाग सपाट करण्याच्या) बारीक सरळ रेषा उठून दिसतात, पुढून मागे जाणाऱ्या. गोलाकार ओरखडे दिसले किंवा पॅड आरशासारखा गुळगुळीत असला, तर जुना नंबर घासला गेला आहे. इंजिनाचा कोड आणि चासी नंबर दोन वेगळ्या वेळी पंच होत. दोन्हींची अक्षरं एकाच साच्यातली आणि एकाच खोलीची वाटली तर जाणकाराला दाखवल्याशिवाय इसार देऊ नका. आपल्याकडे आरटीओत चासी नंबराची पेन्सिलछाप घेतात, तशी कागदावर छाप घ्या; डोळ्यांनी न दिसलेल्या रेषा तिच्यात येतात.

बनावट पंचिंग उघड झालं की नुकसान इंजिनापुरतं राहत नाही. त्या गाडीचा प्रत्येक कागद संशयात येतो. साध्या, न जुळणाऱ्या इंजिनाची गाडी यापेक्षा सुखाने विकली जाते.

प्रश्न : माझ्या 350 च्या कॅमेरोत कुणीतरी नंतर 454 टाकलं आहे. मूळ ब्लॉक गॅरेजमध्ये पडून आहे. विकू का?

अजिबात नको. कागद नसलेल्या बदलाला डीलरचा मान मिळत नाही. किंमत साध्या गाडीची आणि सुट्या भागांची. मूळ ब्लॉक सोबत असेल तर घेणारा वेगळ्या नजरेने बघतो. बोअरला तेल लावा, प्लास्टिकमध्ये गुंडाळा, फरशीवर न ठेवता स्टँडवर ठेवा. पुढे रीबिल्डला दिलात तर मशीन शॉपवाल्याला लेखी सांगा की डेकचं (हेड बसतो त्या पृष्ठभागाचं) फेसिंग मारताना पॅडला हात लावायचा नाही. पॅड डेकच्याच पातळीत असतो, कटर एकदा सरळ फिरला की नंबर गेला. देण्याआधी पॅडचा जवळून फोटो काढा, तारखेसकट.