राष्ट्रपती गाईड व्हायचंय ना, मग आधी लॉगबुक काढ

अगं,

तुझा मेसेज वाचला. "बाई, राष्ट्रपती पुरस्कार मिळाला की स्कॉलरशिप किती मिळते?" बस्स, ना नमस्कार ना चमत्कार. राग नाही आला, उलट बरं वाटलं, कारण हा प्रश्न सगळ्या मुलींच्या मनात असतो पण बोलून कुणी दाखवत नाही, सगळ्या आपलं "मला समाजसेवेची आवड आहे" एवढं पाठ करून येतात. म्हणून तुला सरळ उत्तर देते. राष्ट्रपती गाईड झालीस, म्हणजे स्काऊट-गाईडमधल्या मुलींची सगळ्यात वरची पायरी गाठलीस, की खात्यात दरमहा पैसे यायला लागतात असं काही नसतं. राष्ट्रपतींच्या सहीचं सर्टिफिकेट मिळतं, युनिफॉर्मवर बॅज लागतो. त्याआधीच्या राज्य पुरस्काराला राज्यपालांची सही असते. ही स्कॉलरशिप नाही, हा सन्मान आहे, आणि दोन्ही गोष्टी डोक्यात वेगळ्या ठेवल्यास तर पुढचा घोळ टळेल.

हा घोळ कुठून होतो तेही मला माहितीये, रील्स बघून. अमेरिकेतल्या मुलींचा गोल्ड अवॉर्ड दाखवतात आणि खाली लिहितात की कॉलेजची फी मिळाली. ते खोटं नाही, पण ती संस्था वेगळी, गर्ल स्काऊट्स, तिथले नियम वेगळे. जुलिएट गॉर्डन लो नावाच्या बाईंनी १२ मार्च १९१२ ला सव्हाना गावात १८ मुलींना घेऊन ती सुरू केली. त्यांच्यात नववी ते बारावीच्या मुलीने गावातला एखादा प्रश्न स्वतः हुडकायचा आणि तो सोडवायला साधारण ८० तास काम करायचं, मग गोल्ड अवॉर्ड. तिकडची काही कॉलेजं आणि स्थानिक कौन्सिल त्यावर स्कॉलरशिप देतात. आपल्याकडे भारत स्काऊट्स अँड गाईड्स आहे, १९५० साली वेगवेगळ्या संस्था एक होऊन झालेली, गाईडवाल्या १९५१ मध्ये त्यात आल्या. इथली वाट इथलीच. तिकडचं बघून एकच गोष्ट उचल, ती म्हणजे त्या मुली केलेल्या कामाची नोंद ठेवतात.

आणि मला तुला खरं तर हेच सांगायचंय. पैसा देणारा, गुण देणारा, नोकरी देणारा, कुणीही तुझा बॅज बघून थांबत नाही, तो विचारतो की तू केलंस काय. त्या वेळी तुझ्या हातात कामाची नोंदवही, म्हणजे लॉगबुक, असली पाहिजे.

आता तू म्हणशील लॉगबुक तर सगळ्याच ठेवतात. ठेवतात गं, पण कशी ठेवतात ते मी बघितलंय. कॅम्पच्या आदल्या रात्री दोन मैत्रिणी मिळून एका बैठकीत वर्षभराची वही भरतात, एकाच पेनाने, एकाच अक्षरात, मागे फुलं चिकटवतात, स्केचपेनने बॉर्डर मारतात. आणि आत काय तर "आज आम्ही सेवाकार्य केले. खूप मजा आली." परीक्षक बाई पान उलटतात आणि विचारतात, कुठे केलं, किती जणी होतात, कुणाला विचारून केलं, आणि पोरगी छताकडे बघते. याउलट एका मुलीची वही मला अजून आठवते, तिचं अक्षर अगदी कोंबडीचे पाय, पण लिहिलं होतं असं: शाळेच्या टाकीचा तिसरा नळ गळतो, खाली बादली ठेवली, मधल्या सुट्टीपासून शाळा सुटेपर्यंत दोन वेळा भरली, हेडसरांना सांगितलं, वायसर आणायला पैसे खरी कमाईतून (मुलींनी स्वतः काम करून मिळवलेल्या पैशातून) घेतले, चौथ्या दिवशी नळ बंद झाला, बादलीतलं पाणी झाडांना घातलं. एवढंच. परीक्षक बाईंनी तिला त्या नळावर जेवढे प्रश्न विचारले तेवढी उत्तरं तिच्याकडे होती, कारण ते तिने खरंच केलं होतं. चित्रबित्र काही नव्हतं त्या पानावर, वायसरच्या दुकानाची पावती मात्र चिकटवलेली होती.

तर वही अशी लिही. तारीख, जागा, किती जणी, काय अडलं, कुणाची मदत घेतली, किती पैसे गेले. एखादी गोष्ट फसली तर तीही लिही, परीक्षकांना ते जास्त खरं वाटतं. फोटो काढ, पण सेल्फी नको, कामाचा काढ, काम करायच्या आधी एक आणि नंतर एक.

आता वेळेचं बोलू, कारण मुली इथेच जास्त गळतात. प्रवेश झाला की प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि मग राष्ट्रपती. प्रत्येक पायरीवर ठरावीक महिने काढावेच लागतात, सहा-नऊ महिने एकेका ठिकाणी, कितीही हुशार असलीस तरी उडी मारता येत नाही. हिशोब केलास तर तीन वर्षं सहज जातात. म्हणजे जी पाचवी-सहावीत येते ती आरामात पोहोचते, आणि जी आठवीत येते ती राज्य पुरस्काराच्या तोंडाशी येईपर्यंत घरी "दहावी आहे, आता ते नाटक बंद" सुरू झालेलं असतं. मुलांच्या घरी हे वाक्य जरा उशिरा येतं, मुलींच्या घरी नववीपासूनच, हा माझा अनुभव आहे, बाकी कुणाला पटो न पटो.

त्यामुळे घरच्यांशी आत्ताच बोल, कॅम्पचं पत्र हातात आल्यावर नको. आईला नुसतं "कॅम्पला जायचंय" म्हणू नकोस, तिला काय हवंय ते सांग: सोबत गाईड कॅप्टन म्हणून कोण बाई आहेत, रात्री झोपायची सोय कुठे, बाथरूम कसे, फोन किती वाजता करता येईल, जाणं-येणं कशाने. पाळीचं पण आधीच बोलून ठेव, पॅड बॅगेत ठेव आणि एक जास्तीचा सेट ठेव, कॅम्पमध्ये कुणाला ना कुणाला लागतोच. बाबांना तारखांचा कागद दे. आपल्या घरांमध्ये नकार बहुतेक वेळा काळजीतून येतो आणि काळजीला माहिती दिली की अर्धा नकार तिथेच संपतो, उरलेल्या अर्ध्यासाठी मला फोन लाव, मी बोलते.

बरं, समजा तरीही दहावीत सुटलंच. तर रडत बसू नकोस, अकरावीला रेंजर हो, म्हणजे गाईडचाच मोठ्या मुलींचा विभाग. गाईड विभाग १० ते १७ वयाचा, रेंजर २५ पर्यंत चालतं. तिथे प्रवीण, निपुण, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती रेंजर. गाईडमध्ये राष्ट्रपती राहिलं म्हणून कायमचं गेलं असं नाही. कॉलेजात पथकच नाही म्हणून पुष्कळ मुली तिथे थांबतात, तेव्हा कॉलेज निवडताना हे पण विचारून घे, किंवा जिल्हा कार्यालयात जाऊन बाहेरचं पथक कुठलं आहे ते बघ.

आता पैशाचं नि फायद्याचं, ज्यासाठी तू मेसेज केलास.

पहिलं, दहावी-बारावीला खेळाडूंना जसे सवलतीचे गुण मिळतात तशी सोय आपल्याकडे स्काऊट गाईडच्या मुलांनाही आहे. प्रस्ताव शाळेमार्फत बोर्डाकडे जातो. शाळेतून प्रस्ताव गेलाच नाही तर तुझं सर्टिफिकेट कपाटात राहतं, आणि असं होतं, दरवर्षी होतं. तेव्हा परीक्षेच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर ऑफिसात जाऊन क्लार्क काकांना विचारायचं, त्या वर्षीचं परिपत्रक आलं का, फॉर्म कधी भरायचाय. लाजायचं नाही, दोनदा विचारायचं.

दुसरं, रेल्वे. रेल्वेभरतीत स्काऊट गाईडचा वेगळा कोटा असतो आणि हे खरंच मोठं आहे, लोकांना माहीतच नसतं. पण नुसता राष्ट्रपती पुरस्कार दाखवून काम होत नाही. राष्ट्रपती गाईड किंवा रेंजर पाहिजे, किंवा पुढे लीडर म्हणून ट्रेनिंग घेऊन हिमालय वुड बॅज केलेला पाहिजे, अलीकडची निदान पाच वर्षं तू सक्रिय सभासद असल्याचं दाखवावं लागतं, आणि राष्ट्रीय पातळीवरचे दोन नि राज्य पातळीवरचे दोन कार्यक्रम केलेले लागतात. कळलं का आता वहीचं? अठराव्या वर्षी जाहिरात निघाली की मुली धावपळ करतात की आम्ही जांबोरीला, म्हणजे स्काऊट-गाईडच्या मोठ्या मेळाव्याला, गेलो होतो त्याचा कागद कुठे गेला. २०२३ च्या जानेवारीत राजस्थानात पालीजवळ रोहटला राष्ट्रीय जांबोरी झाली, राष्ट्रपती मुर्मू उद्घाटनाला होत्या, अशा ठिकाणाहून परत आलीस की सर्टिफिकेट दोन दिवसांत स्कॅन करून ईमेलला टाकायचं, मूळ कागद फाईलमध्ये, आणि नावाचं स्पेलिंग आधार कार्डाप्रमाणे आहे ना ते तिथेच, सही होण्याआधी बघायचं. घरी येऊन चूक सापडली की दुरुस्तीसाठी महिनोन्महिने जातात.

तिसरं, खरीखुरी स्कॉलरशिप. आठवीत असताना एनएमएमएसची, म्हणजे केंद्र सरकारच्या स्कॉलरशिपची, परीक्षा दे. सरकारी किंवा अनुदानित शाळेत असशील आणि घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत असेल तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पुढे इंजिनिअरिंग किंवा डिप्लोमाला गेलीस तर एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेची, प्रगती स्कॉलरशिप आहे, फक्त मुलींसाठी, वर्षाला ५०,००० रुपये, उत्पन्नाची अट आठ लाखांची, आणि एका घरातल्या दोन मुलींपर्यंत मिळते, म्हणजे धाकटीलाही सांगून ठेव. यात तुझा बॅज कुणी विचारत नाही, एकीकडे परीक्षेचे मार्क, दुसरीकडे मेरिट. पण गावोगावचे ट्रस्ट, समाजाच्या संस्था, कंपन्यांच्या स्कॉलरशिप असतात ना, ज्यात मुलाखत होते किंवा स्वतःबद्दल एक पान लिहायला सांगतात, तिथे गाईड कामाला येते. सगळ्यांचे मार्क सारखेच असतात तिथे. बाकीच्या मुली लिहितात "माझ्यात नेतृत्वगुण आहेत", आणि तू लिहायचंस की आमच्या संघात सात जणी होत्या, मी संघनायिका होते, पावसात तंबूचा एक खुंटा उपटला तेव्हा कुणी काय धरलं आणि मी काय चुकीचं सांगितलं आणि मग काय केलं. हे तुला वहीतून उचलून लिहिता येईल, डोक्यातून काढावं लागणार नाही.

हो, आणि पुण्यात संगम आहे हे तुला माहितीये का? जगभरातल्या गाईड मुलींची जी जागतिक संघटना आहे तिची केंद्रं मोजकीच, त्यातलं एक आपल्या पुण्यात, १९६६ पासून. परदेशातल्या मुली तिथे येऊन राहतात, तिथे कार्यक्रम होतात. आपल्या मुली पुण्यात राहून सुद्धा तिथे एकदाही गेलेल्या नसतात याचं मला आश्चर्य वाटतं. पथकाची सहल काढायला सांग, एका दिवसाची का होईना. इंग्रजी तोडकंमोडकं बोल, काही होत नाही.

आता एक काम सांगते, ते या आठवड्यात कर. शाळेत कॅप्टन बाईंना विचार की या वर्षीची पथकाची नोंदणी झाली का, फी भरली का, आणि यादीत माझं नाव आहे का. दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं, ते राहिलं की मधलं एक वर्ष रिकामं दिसतं आणि तुझी पाच वर्षं सलग राहत नाहीत. नाव असेल तर पावतीचा फोटो काढून मला पाठव, नसेल तर मेसेज न करता सरळ फोन कर, संध्याकाळी सातनंतर.

तुझ्या जुन्या गाईड बाई