बडोद्यात कलाभवनात (म. स. विद्यापीठाच्या इंजिनीअरिंग कॉलेजात) पीएचडी करायची आहे. गाइड ज्येष्ठ प्राध्यापक घ्यावा की तरुण?

आधी सरांच्या निवृत्तीला किती वर्षं उरलीत ते काढा. यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांपेक्षा कमी नोकरी उरली असेल तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. शिवाय प्राध्यापकाकडे एका वेळी ८च विद्यार्थी, सहयोगीकडे ६, सहायककडे ४. नाव मोठं, जागा एकही नाही, असं होऊ शकतं.

वेबसाइटवरच्या ‘संशोधनाचे विषय’ला फार भुलू नका. माझ्या सरांच्या पानावर काँक्रीट होतं, शेवटचे तिन्ही प्रबंध मात्र भूकंपावर! शोधगंगावर (भारतातल्या पीएचडी प्रबंधांची वेबसाइट) सरांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध उघडा, ऋणनिर्देश वाचा. सर कितपत वेळ देतात ते तिथे बरोबर कळतं. डीन किंवा विभागप्रमुख असतील तर भेट मिळायलाच आठवडा. तरी लॅब आणि ओळखी ज्येष्ठांकडेच, हेही खरं.